रॉय हॅलडे

हॅरी लेरॉय हॅलडे तिसरे, प्रचलित नाव रॉय हॅलडे (जन्म: १४ मे, १९७७, डेन्व्हर, कॉलोराडो, मृत्यू: ७ नोव्हेंबर, २०१७, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ) हे अमेरिकन बेसबॉलपटू होते. उजव्या हाताने चेंडू टाकणारे हॅलडे मेजर लीग बेसबॉलमध्ये १९९८ ते २००९ या काळात टोरोंटो ब्लू जेज आणि २०१० ते २०१३ या काळात फिलाडेल्फिया फिलीज या संघांकडून स्टार्टिंग पिचर म्हणून खेळले. उत्कृष्ट पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्यांना २००३ मध्ये अमेरिकन लीगमध्ये आणि २०१० मध्ये नॅशनल लीगमध्ये मिळाला. २०१९ मध्ये त्यांचा बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

या यशापूर्वी, वयाच्या २३व्या वर्षी, त्यांची कारकीर्द संपुष्टात येण्याच्या बेतात होती. २००० च्या हंगामातील अपयशानंतर त्यांना संघाच्या कनिष्ठ श्रेणीत पाठवून त्यांची चेंडू टाकण्याची पद्धत मुळापासून बदलण्यात आली. तरुण पिचरच्या जडणघडणीचे उदाहरण म्हणून या घटनाक्रमाचा उल्लेख बेसबॉलच्या इतिहासात वारंवार केला जातो.

स्टार्टिंग पिचर आणि रोटेशन

मेजर लीगच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. सामन्याचा आरंभ ज्या पिचरच्या हाती असतो त्याला स्टार्टिंग पिचर म्हणतात. त्याच्या हातावर पडणारा ताण मोठा असल्याने तो रोज खेळू शकत नाही. म्हणून संघ साधारणतः पाच पिचरांची फेरी ठरवतो. या फेरीला रोटेशन असे नाव आहे. रोटेशनमधील पिचरची पाळी दर पाचव्या दिवशी येते आणि पूर्ण हंगाम खेळणारा पिचर सुमारे ३० ते ३५ सामन्यांचा आरंभ करतो.

पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो त्याला माउंड म्हणतात. त्यावरील फळी आणि होम प्लेट यांमधील अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४४ मीटर असते. ताशी १५० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने टाकलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात कापतो. क्रिकेटप्रमाणे येथे चेंडू टप्पा घेत नाही. त्यामुळे त्याला जी दिशा बदलायची ती हवेतच बदलावी लागते. वेग कितीही असला तरी सरळ जाणारा चेंडू मेजर लीगच्या फलंदाजांना फार काळ चकवू शकत नाही.

पिचरची कामगिरी मोजण्याचे प्रचलित साधन म्हणजे ई.आर.ए. ही सरासरी होय. क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून पिचरने दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या, हे त्यातून कळते. ही संख्या जितकी लहान तितकी कामगिरी चांगली समजली जाते. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाल्यास तो स्ट्राइकआउट; चार चेंडू लक्ष्यक्षेत्राबाहेर गेल्याने त्याला पहिला तळ बहाल झाल्यास तो वॉक होय.

प्रारंभिक जीवन

हॅलडे यांचे बालपण कॉलोराडोमधील अर्वाडा येथे गेले. त्यांचे वडील व्यावसायिक वैमानिक होते. अर्वाडा वेस्ट हायस्कूलच्या संघातून खेळत असताना त्यांना बस कॅम्पबेल या अनुभवी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले. उंच बांधा आणि वेगवान चेंडू यांमुळे ते लवकरच व्यावसायिक संघांच्या नजरेत भरले. १९९५ च्या खेळाडू-निवडीत ब्लू जेजने पहिल्या फेरीत, एकूण सतराव्या क्रमांकावर त्यांची निवड केली.

मेजर लीगमध्ये येण्यापूर्वी खेळाडूला मायनर लीगच्या श्रेणी चढाव्या लागतात. त्यांत क्लास ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या प्रमुख पायऱ्या आहेत. हॅलडे १९९६ मध्ये फ्लोरिडातील डनीडन येथील क्लास ए संघाकडून खेळले आणि तेथे त्यांनी १५ सामने जिंकले. पुढील दोन वर्षांत ते वरच्या श्रेणींत पोहोचले.

पदार्पण आणि सुरुवातीचे यश

२० सप्टेंबर, १९९८ रोजी, वयाच्या २१व्या वर्षी, हॅलडे यांनी टॅम्पा बे संघाविरुद्ध मेजर लीगमध्ये पदार्पण केले. एका आठवड्याने, २७ सप्टेंबर रोजी, डिट्रॉइट टायगर्सविरुद्धच्या दुसऱ्याच सामन्यात त्यांनी नवव्या डावातील दोन फलंदाज बाद होईपर्यंत प्रतिपक्षाला एकही हिट मिळू दिला नाही. नो-हिटर पूर्ण होण्यास एकच बळी हवा असताना बदली फलंदाज बॉबी हिगिन्सन यांनी होम रन मारला. ब्लू जेजने सामना २–१ असा जिंकला.

या खेळामुळे हॅलडे यांच्याविषयीच्या अपेक्षा उंचावल्या. १९९९ मध्ये त्यांनी ८ विजय व ७ पराभव आणि ३.९२ ई.आर.ए. अशी समाधानकारक कामगिरी केली. तथापि त्या हंगामात त्यांचे स्ट्राइकआउट ८२ आणि वॉक ७९ होते. फलंदाज बाद करण्याचे आणि त्यांना फुकट तळ देण्याचे प्रमाण जवळजवळ समान असणे हे नियंत्रणाच्या अभावाचे लक्षण होते. मात्र एकूण निकाल बरे असल्याने ते झाकले गेले.

२००० चा हंगाम

२००० मध्ये हा दोष उघड झाला. हॅलडे यांनी १९ सामन्यांत ६७ पूर्णांक २/३ डाव टाकले आणि त्यांत ८० अर्जित धावा, १०७ हिट व ४२ वॉक दिले. त्यांची ई.आर.ए. १०.६४ इतकी झाली. एका हंगामात किमान ५० डाव टाकलेल्या पिचरांमध्ये ही मेजर लीगच्या इतिहासातील सर्वांत वाईट सरासरी ठरली.

त्यांचा वेग कमी झालेला नव्हता. हॅलडे हात डोक्यावरून सरळ खाली आणत चेंडू टाकीत. त्यामुळे चेंडू वेगवान असूनही सरळ रेषेत येई आणि त्यांच्या हातातून सुटताच फलंदाजांना स्पष्ट दिसे. मार बसू लागल्यावर ते लक्ष्यक्षेत्राच्या कडा शोधू लागले. त्यातून वॉक वाढले. वॉकमुळे मागे पडल्यावर नाइलाजाने मधोमध चेंडू टाकावा लागे आणि त्यावर फटके बसत. तंत्रातील दोष आणि ढासळलेला आत्मविश्वास ही दोन्ही कारणे एकमेकांना बळ देत होती.

डनीडन येथील पुनर्घडण

२००१ च्या सराव शिबिराच्या अखेरीस ब्लू जेजने हॅलडे यांना डनीडनच्या क्लास ए संघात पाठवले. अशा वेळी खेळाडूला सहसा एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये पाठवतात. हॅलडे मात्र जी श्रेणी त्यांनी पाच वर्षांपूर्वी पार केली होती तेथेच परतले. मेजर लीगचा अनुभव असलेल्या पिचरसाठी ही मानहानी होती. दुसरीकडे, निकालाच्या दडपणापासून दूर राहून मूळ तंत्र बदलण्यास तेथे अवकाश होता.

हे काम मेल क्वीन (१९४२–२०११) यांच्याकडे सोपवण्यात आले. क्वीन स्वतः आधी मैदानी खेळाडू आणि नंतर पिचर म्हणून मेजर लीगमध्ये खेळले होते. ते १९९६ ते १९९९ या काळात ब्लू जेजचे पिचिंग प्रशिक्षक होते आणि स्पष्टवक्तेपणासाठी ओळखले जात. त्यांनी हॅलडे यांच्या पद्धतीत पुढील बदल केले:

१. हाताचा कोन: हात डोक्यावरून आणण्याऐवजी खाली, तिरक्या कोनातून आणण्यास शिकवले. त्यामुळे चेंडूला वेगळी फिरकी मिळू लागली आणि तो हवेत वळू लागला.

२. चेंडू लपवणे: शरीराची हालचाल बदलून चेंडू सुटेपर्यंत तो फलंदाजाच्या दृष्टीआड राहील अशी व्यवस्था केली.

३. नवे चेंडू: सरळ वेगवान चेंडूऐवजी सिंकर आणि कटर यांवर भर दिला. उजव्या हाताच्या पिचरचा सिंकर खाली जात उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे येतो, तर कटर त्याच्यापासून किंचित दूर जातो. दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. अखेरच्या काही फुटांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

या बदलांमुळे पिचिंगमागील विचारही बदलला. प्रत्येक फलंदाजाला वेगाने चकवण्याऐवजी त्याच्याकडून चुकीचा, जमिनीलगतचा फटका काढून घेणे हे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी लक्ष्यक्षेत्र टाळण्याची आवश्यकता उरली नाही.

मानसिक बाजू सावरण्यास वाचनाची मदत झाली. हॅलडे यांच्या पत्नी ब्रँडी यांनी त्यांच्यासाठी क्रीडा मानसशास्त्राचे अभ्यासक हार्वे डॉर्फमन यांचे ‘द मेंटल एबीसीज ऑफ पिचिंग’ हे पुस्तक विकत आणले. निकाल पिचरच्या हाती नसतो, हाती असलेला एक चेंडू नीट टाकणे तेवढे त्याच्या हाती असते, हा डॉर्फमन यांच्या शिकवणीचा गाभा होता. पुढे हॅलडे यांनी डॉर्फमन यांचे प्रत्यक्ष मार्गदर्शनही घेतले.

रोटेशनमध्ये पुनरागमन

डनीडननंतर हॅलडे डबल-एमधील टेनेसी आणि ट्रिपल-एमधील सिराक्यूज या संघांतून पुन्हा एकेक पायरी चढले आणि सुमारे तीन महिन्यांत, जुलै २००१ मध्ये, ब्लू जेजमध्ये परतले. उर्वरित हंगामात त्यांनी १०५ पूर्णांक १/३ डाव टाकून ३.१६ ई.आर.ए. राखली. या डावांत त्यांनी ९६ स्ट्राइकआउट केले आणि केवळ २५ वॉक दिले. आदल्या वर्षी याहून कितीतरी कमी डावांत ४२ वॉक गेले होते.

२००२ मध्ये त्यांनी १९ सामने जिंकले व ७ गमावले, ई.आर.ए. २.९३ होती. २००३ मध्ये त्यांनी ३६ सामन्यांचा आरंभ करून २२ विजय मिळवले, २६६ डाव टाकले, २०४ स्ट्राइकआउट केले आणि वॉक अवघे ३२ दिले. त्या वर्षी ते अमेरिकन लीगच्या साय यंग पुरस्काराचे मानकरी ठरले. जमिनीलगतच्या फटक्यांमुळे कमी चेंडूंत फलंदाज बाद होत. म्हणून बदली पिचरची मदत न घेता संपूर्ण सामना एकट्याने टाकणे हॅलडे यांचे वैशिष्ट्य बनले. कारकिर्दीत त्यांनी असे ६७ सामने पूर्ण केले.

पुढील कारकीर्द

२००४ मध्ये खांद्याच्या दुखापतीने आणि २००५ मध्ये फटकावलेला चेंडू लागून पायाचे हाड मोडल्याने त्यांच्या खेळात खंड पडला. दोन्ही वेळा ते रोटेशनमध्ये परतले. शिकण्याची वृत्तीही टिकून राहिली. २००८ च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी त्यांनी न्यूयॉर्क यँकीजचे मारियानो रिव्हेरा यांच्याकडून कटरची पकड समजून घेतली.

डिसेंबर २००९ मध्ये ते फिलीजकडे गेले. २९ मे, २०१० रोजी फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध त्यांनी परफेक्ट गेम टाकला, म्हणजे सलग २७ फलंदाज बाद करून एकालाही तळावर पोहोचू दिले नाही. ६ ऑक्टोबर, २०१० रोजी सिनसिनाटी रेड्सविरुद्ध, बाद फेरीतील आपल्या पहिल्याच सामन्यात, त्यांनी नो-हिटर टाकला. बाद फेरीच्या इतिहासात यापूर्वी असा पराक्रम केवळ डॉन लार्सन यांनी १९५६ मध्ये केला होता. १९९८ मध्ये एका बळीने हुकलेली कामगिरी अशा रीतीने बारा वर्षांनी एकाच हंगामात दोनदा साध्य झाली.

डिसेंबर २०१३ मध्ये ब्लू जेजशी एक दिवसाचा करार करून ते निवृत्त झाले. त्यांच्या नावावर २०३ विजय, १०५ पराभव, २,११७ स्ट्राइकआउट आणि ३.३८ ई.आर.ए. अशी नोंद आहे. २००० मधील ८० धावाही या सरासरीत समाविष्ट आहेत.

मृत्यू आणि सन्मान

७ नोव्हेंबर, २०१७ रोजी हॅलडे स्वतः चालवत असलेले छोटे विमान मेक्सिकोच्या आखातात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ४० वर्षांचे होते. ब्लू जेजने २०१८ मध्ये त्यांचा ३२ क्रमांक आणि फिलीजने २०२१ मध्ये ३४ क्रमांक कायमचा निवृत्त केला. हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड पात्रतेच्या पहिल्याच वर्षी झाली. तेथील त्यांच्या स्मृतिफलकावरील टोपीवर, कुटुंबाच्या निर्णयानुसार, कोणत्याही संघाचे चिन्ह नाही.