वाचेचे स्थान : मेंदूच्या कार्यविभागणीच्या शोधाचा इतिहास

मनुष्याचे बोलणे, चालणे, पाहणे, स्मरणे हे सर्व व्यापार मेंदूच्या आधीन आहेत, ही गोष्ट आज शाळकरी विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु हे ज्ञान मनुष्यजातीस सहजासहजी प्राप्त झालेले नाही. ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्याने चैतन्याचे अधिष्ठान हृदयात मानले व मेंदूकडे शरीरातील उष्णता शमविण्याचे गौण काम सोपविले. आपल्याकडील चरक व सुश्रुत यांच्या संहितांतही हृदय हेच चेतनेचे स्थान म्हणून सांगितले आहे. ‘काळजाला लागले’ असे म्हणणाऱ्या भाषेत त्या जुन्या समजुतीची खूण अद्यापि शिल्लक आहे.

या समजुतीस प्रत्यक्ष प्रयोगाने धक्का दिला तो इ. स. च्या दुसऱ्या शतकात रोम येथे गेलेन या वैद्याने. ओरडणाऱ्या डुकराच्या कंठाकडे जाणारे बारीक मज्जातंतू त्याने तोडले असता जनावर जिवंत राहून त्याचा आवाज मात्र बंद पडला. हे तंतू हृदयातून नव्हे, तर मेंदूच्या बाजूने येत असल्यामुळे आवाजावर सत्ता मेंदूची, हे उघड झाले. तथापि मेंदूच्या कोणत्या भागात कोणते कार्य चालते, हा प्रश्न शिल्लक राहिला. मध्ययुगात मेंदूतील पोकळ्यांमध्ये अनुक्रमे कल्पना, विचार व स्मृती यांची वस्ती मानीत. १६६४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस विलिस याने मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा पोकळ्यांवरील लक्ष मेंदूच्या घन भागाकडे वळले.

या रचनेचा थोडक्यात परिचय येथे करून घेणे इष्ट होईल. प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. त्याचे मुख्य भाग तीन. सर्वांत मोठा व वळ्यांनी आच्छादिलेला तो मोठा मेंदू; तो डाव्या व उजव्या अशा दोन गोलार्धांत विभागलेला असून मज्जातंतूंच्या एका जाड पट्ट्याने हे गोलार्ध जोडलेले असतात. त्याच्या मागे खालच्या बाजूस लहान मेंदू असतो. हालचालींतील मेळ व शरीराचा तोल तो सांभाळतो. तिसरा भाग मेंदूचा देठ होय. श्वसन व हृदयाची गती यांचे नियमन तेथे होते. मोठ्या मेंदूच्या प्रत्येक गोलार्धाचे कपाळामागील ललाट खंड, माथ्याकडील पार्श्विक खंड, कानाजवळील शंख खंड व मागील पश्च खंड असे चार खंड मानतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाद माजला तो या मोठ्या मेंदूसंबंधी. व्हिएन्ना येथील फ्रान्झ योझेफ गाल याने असे प्रतिपादिले की, मेंदू हा एक अवयव नसून अनेक अवयवांचा समूह आहे व प्रत्येक मनोधर्मास त्यात स्वतंत्र जागा आहे. डोक्याच्या कवटीवरील उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचा त्याचा प्रयत्न मात्र निराधार ठरला. १८०१ साली सम्राटाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली. हे मत धर्मास घातक आहे, असा आक्षेप होता. आत्मा एक व अविभाज्य, मग त्याच्या साधनाचे तुकडे कसे पडावेत? फ्रान्समध्ये पिअर फ्लुरांस याने कबुतरादी प्राण्यांवर शस्त्रप्रयोग केले. लहान मेंदू काढल्यास तोल जातो व देठास इजा झाल्यास श्वास थांबतो, हे त्यास आढळले. परंतु मोठा मेंदू सर्वत्र एकरूपानेच कार्य करतो, असा निष्कर्ष त्याने काढला. मनाची अखंडता या निष्कर्षाने अबाधित राहत असल्यामुळे विद्वानांस तो रुचला. कबुतराच्या वळ्याहीन मेंदूवरून मनुष्याविषयी किती अनुमान करावे, हा विचार फारसा कोणी केला नाही.

१८६१ च्या पूर्वार्धात पॅरिसच्या मानववंशशास्त्र परिषदेत हाच वाद पुन्हा पेटला. ग्रात्योले याने मेंदूच्या एकात्मतेची, तर ओबुर्ताँ याने वाचा ललाट खंडात असल्याची बाजू मांडली. त्याच सुमारास बिसेत्र येथील रुग्णालयात पायाच्या कोथाने ग्रासलेला एक ५१ वर्षांचा मनुष्य शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याच्या विभागात आणण्यात आला. लाकडी साचे घडविणारा हा लबोर्न नावाचा कारागीर २१ वर्षे वाचाहीन होता. कोणत्याही प्रश्नास त्याचे उत्तर ‘ताँ, ताँ’ एवढेच असे व रुग्णालयात त्याचे नावही तेच पडले होते. बोललेले त्यास समजे. संख्या तो बोटांनी दाखवी. आपले म्हणणे न कळल्यास तो संतापे. ब्रोकाने ओबुर्ताँ यास बोलावून रोग्याची तपासणी करविली. १७ एप्रिल रोजी रोगी मरण पावला व दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू परिषदेपुढे ठेवला. डाव्या ललाट खंडात कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी पडलेली होती. पुढे ललाँ नावाच्या, मोजके शब्दच उच्चारू शकणाऱ्या ८४ वर्षांच्या वृद्धाच्या मेंदूतही त्याच जागी विकृती आढळली. आणखी रुग्ण पाहिल्यानंतर १८६५ साली ब्रोकाने जाहीर केले की, मनुष्य डाव्या गोलार्धाने बोलतो.

यानंतर शोधांची मालिकाच सुरू झाली. १८७० साली फ्रिच व हित्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागास विजेचा स्पर्श करून विरुद्ध बाजूच्या पायांत हालचाल घडवून आणली. १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने दाखविले की, डाव्या शंख खंडास इजा झालेला रोगी अस्खलित बोलतो, परंतु त्याच्या बोलण्यात अर्थ राहत नाही व दुसऱ्याचे बोलणे त्यास उमगत नाही. उच्चारणे व समजणे यांच्या जागा भिन्न, परंतु परस्परांशी तंतूंनी बद्ध, असा विचार यातून पुढे आला.

ब्रोकाची दूरदृष्टी त्याच्या एका संयमात दिसून येते. त्याने लबोर्नचा मेंदू कापला नाही. तो अखंड जतन केला. म्हणूनच २००७ साली दोन्ही रुग्णांच्या मेंदूंचे चुंबकीय प्रतिमांकन करता आले. तेव्हा असे दिसून आले की, विकृती पृष्ठभागापुरती नसून खोलवर, दूरच्या भागांस जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचली होती. अर्थात वाचा केवळ एका वळीत वसत नाही. अनेक भागांच्या सहकार्याने ती सिद्ध होते. कार्यांची विभागणी सांगणारा गाल आणि एकात्मतेचा आग्रह धरणारा फ्लुरांस या दोघांच्याही पदरी सत्याचा एकेक अंश पडला, असे म्हणावे लागते.

ज्याच्या मौनातून हे ज्ञान उपजले, त्या कारागिराचे लुई व्हिक्तोर हे नाव २०१३ साली, म्हणजे मृत्यूनंतर १५२ वर्षांनी, जुन्या नोंदींतून उजेडात आले. तोवर शास्त्राच्या इतिहासात तो प्रायः ‘ताँ’ या एकाच अक्षराने ओळखला जात होता. आपले नाव जो स्वतः सांगू शकला नाही, त्याचे नाव शोधून काढणे हेही इतिहासाचेच कार्य होय.