हार्वर्डमधील जुने प्रयोग
विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांना विज्ञान कसे शिकवावे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्ड विद्यापीठात ऐरणीवर आला. अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः रसायनशास्त्रज्ञ. पण सूत्रांऐवजी त्यांनी बॉइलचे हवेवरील प्रयोग, जळताना किंवा तापवल्यावर पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते या सिद्धान्ताचा पाडाव अशी जुनी प्रकरणे अभ्यासाला लावली. निवड मार्मिक होती. जुन्या प्रयोगांना गणित कमी लागते आणि संशोधक कुठे अडखळले ते स्वच्छ दिसते. हवेत तापवलेल्या धातूचे वजन वाढते हे ठाऊक असूनही कित्येक जाणकार फ्लॉजिस्टनला चिकटून राहिले. नुसत्या पुराव्याने सिद्धान्त कोसळत नाही, हे इथे विद्यार्थ्यांना कळे. याच अभ्यासक्रमाच्या तयारीसाठी भौतिकीचे संशोधक विद्यार्थी थॉमस कून यांनी १९४७ मध्ये ॲरिस्टॉटल वाचला. वैज्ञानिक क्रांतींवरील त्यांच्या १९६२च्या ग्रंथाची बीजे त्या वाचनात आहेत.