उघड्या पावाची कुळकथा

राय या धान्याच्या, आंबवून भाजलेल्या काळपट पावाचा पातळ काप, त्यावर लोणी आणि लोण्यावर मासे, मांस, अंडे किंवा चीज. वरून दुसरा काप न ठेवलेला हा पाव म्हणजे डेन्मार्कचे स्मरब्रॉड. नावात आहेत ते फक्त लोणी आणि पाव. वरचा थाट मागाहून आला.

त्याचे मूळ कष्टकऱ्यांच्या शिदोरीत आहे. राय थंड हवेत, हलक्या जमिनीतही येते आणि तिचा पाव बरेच दिवस टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने वाढले, तशी दुपारी घरी जाऊन गरम जेवण्याची सोय संपली. आदल्या रात्रीचे उरलेले मांस किंवा उकडलेला बटाटा पावावर ठेवून कामगार डबा नेऊ लागले. याच सुमारास अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य येऊ लागल्याने डॅनिश शेतकरी दूध आणि डुकरांकडे वळला. १८८२ मध्ये येडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली, १८८७ मध्ये होर्सेन्सला पहिला सहकारी कत्तलखाना. बेकन इंग्लंडला जाई, काळीज मागे उरे. एरवी चैनीची असलेली लेव्हरपोस्टाय, म्हणजे काळजाचे भाजलेले वाटण, अशी घरोघरी पोचली.

शिदोरीला प्रतिष्ठा दिली ती कोपनहेगनच्या खाणावळींनी. १८७७ पासूनच्या शॉनेमानमध्ये गिऱ्हाईक मुख्यतः बाजारात भाजी विकायला आलेले शेतकरी. ऑस्कर डेव्हिडसन याने १८८८ मध्ये मद्याचे दुकान काढले, तिथे पिण्याबरोबर पाव मिळू लागला. पुढे त्या पावांची यादी पावणेदोनशेच्या वर गेली आणि तिचा कागद सुमारे १४० सेंटीमीटर लांब झाला. लेव्हरपोस्टाय, खारवलेले गोमांस, मांसरसाची जेली, कांद्याच्या चकत्या आणि अळिवाचे कोवळे मोड असलेला एक प्रकार तिथे नेहमी येणाऱ्या पशुवैद्याच्या आवडीचा होता. ‘पशुवैद्याचे रात्रीचे खाणे’ या नावाने तो आजही मिळतो.

खाण्याचे नियम मात्र कडक, पानात वाढण्याच्या क्रमाइतकेच. आधी मुरवलेले हेरिंग, मग इतर मासे, त्यानंतर मांस आणि शेवटी चीज. हेरिंगची चव पुढच्या पदार्थाला लागू नये म्हणून ताटली बदलतात. पाव हातात धरायचा नाही, काटा-सुरीने कापून खायचा. लोण्याचा थर चवीपुरता नसतो. तो वरचा ओलावा पावात उतरू देत नाही. दातांचे ठसे उमटतील इतक्या जाड थराला डॅनिशमध्ये ‘दातलोणी’ असे स्वतंत्र नाव आहे. सजावटही शोभेपुरती नसते: कोळंबीवर शेपू, भाजलेल्या गोमांसावर किसलेले तिखट हॉर्सरॅडिश. सोबत बिअर आणि शहाजिऱ्याच्या वासाची थंडगार अक्वाव्हिट. हे पाव रचणे हा शिकून घ्यायचा व्यवसाय असून तो करणाऱ्या स्त्रीला स्मरब्रॉडयोम्फ्रू, म्हणजे स्मरब्रॉडची कुमारिका, म्हणत. पदवी लग्न झालेल्या बाईलाही तीच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्गर-पिझ्झापुढे हे खाणे म्हाताऱ्यांचे ठरू लागले होते. २००६ मध्ये अडाम आमान याने कोपनहेगनमध्ये ताज्या, हंगामी जिनसांचे स्मरब्रॉड विकायला सुरुवात केली आणि तरुण गिऱ्हाईक पुन्हा वळले. जुन्या खाणावळी मात्र बहुतेक दुपारच्याच. संध्याकाळी जाणाऱ्याला दार बंद मिळण्याचीच शक्यता जास्त.