विडी : धंदा, संसार आणि फुप्फुसे

विडी म्हणजे तेंदूच्या किंवा आपट्याच्या वाळवलेल्या पानात वळलेली तंबाखूची भुकटी. महाराष्ट्रात गेली शंभर वर्षे ती लाखो घरांची चूल पेटवत आली आहे आणि तेवढ्याच सातत्याने ओढणाऱ्यांची फुप्फुसे जाळत आली आहे. या धंद्याचा इतिहास पाहताना या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

तंबाखू भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या मोगल वकिलाने ती आदिलशाही विजापुरातून अकबराच्या दरबारात नेली. जहांगिराने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण व्यसन तोवर पसरले होते. श्रीमंतांकडे हुक्का होता, गोरगरिबांकडे चिलीम. पानाची विडी या दोन्हींपेक्षा सोयीची ठरली. तिला भांडे लागत नाही, निखारा लागत नाही, आणि ती बंडीच्या खिशात मावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुजराती व्यापाऱ्यांनी तेंदूच्या जंगलांच्या आसपास, जबलपूर ते गोंदिया-भंडारा या पट्ट्यात, कारखाने काढले. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला आणि विडीची चलती झाली. कामठी, सिन्नर, संगमनेर, अहमदनगर आणि सोलापूर ही या धंद्याची गावे बनली. तंबाखू निपाणी आणि गुजरातेतून येई, तर पान विदर्भातून. आजही एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली-चंद्रपूरची कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन तेंदूपाने तोडतात आणि घरी पुडे बांधतात. 1969 च्या राज्य कायद्याने या पानांच्या व्यापारावर सरकारी नियंत्रण आणले.

विडी वळणे हे हाताचे काम आहे. पान भिजवून मऊ करायचे, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरून बोटांनी गुंडाळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. मांडीवर सूप घेऊन बाई दिवसभर हेच करते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात. सोलापुरात पद्मशाली समाजातील पुरुष मागावर आणि बायका विडीवर, अशी संसाराची घडीच बसली.

1931 च्या रॉयल लेबर कमिशनने विडीच्या अंधाऱ्या, कोंदट कारखान्यांचे आणि तिथे राबणाऱ्या लहान मुलांचे वर्णन केले. कायदे येऊ लागले तसे बरेच काम ठेकेदारामार्फत घराघरांत गेले. तिथे तपासणी अधिकारी पोहोचत नव्हता. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले, आणि 1976 मध्ये कल्याण निधी उभा राहिला. या साऱ्यामागे कामगारांचे लढे होते. त्याच लढ्यांतून सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदुताई परुळेकर वसाहत झाली. 2006 मध्ये तिथली दहा हजार घरे विडी कामगार महिलांच्या हाती आली.

याच काळात धुराविरुद्धचा पुरावा जमत होता. 1950 मध्ये लंडनमधील रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. तो अभ्यास सिगारेट आणि पाइप ओढणाऱ्यांचा होता, म्हणून विडी निरुपद्रवी असल्याचा समज आपल्याकडे टिकून राहिला. मुंबईत 1960 च्या दशकात कर्करुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली. 1979 मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि विडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे, असे त्यात आढळले. पुढे मुंबईतील सुमारे एक लाख लोकांच्या पाहणीतही विडी ओढणाऱ्यांचा मृत्युदर सिगारेटवाल्यांहून जास्त निघाला.

याचे कारण विडीच्या घडणीत आहे. तिच्यात तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही आणि विडी विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त आत जाते. धुरातील बेंझोपायरीन आणि नायट्रोसामाइन ही रसायने पेशींच्या जनुकांत बिघाड करतात. तो साचत जातो आणि वीस-तीस वर्षांनी गाठ होते. न थांबणारा खोकला, थुंकीतून रक्त, घटणारे वजन ही लक्षणे क्षयासारखी असल्याने अनेक रुग्णांना आधी क्षयाचीच औषधे दिली जातात आणि मोलाचे महिने वाया जातात. वळणारी बाईही सुटत नाही. तंबाखूची भुकटी श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते.

तरीही कायदा विडीशी सौम्यपणे वागला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर लागला, विडीवर लागला नाही. 2025 मध्ये विडीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. दर वेळी कारण एकच दिले गेले, ते म्हणजे वळणाऱ्या बायकांची रोजीरोटी. वास्तविक त्या बायकांना दुसरे काम मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. विडी स्वस्त ठेवल्याने त्यांची मजुरी वाढत नाही, वाढते ते गिऱ्हाइकाचे आजारपण.

विडीबद्दल जसा निरुपद्रवी असल्याचा समज होता, तसाच ‘कमी घातक’ असल्याचा दावा पुढे ई-सिगारेटने केला. तिच्यात तंबाखू जळत नाही, पण निकोटिनचे व्यसन तसेच लागते आणि वाफेतील रसायने फुप्फुसात जातात. भारताने 2019 मध्ये तिच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. विडी मात्र प्रत्येक टपरीवर आहे.

धूर बंद केला की धोका उतरू लागतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत जवळपास निम्मा होतो. सोडण्यासाठी मदत हवी असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा 1800-11-2356 हा क्रमांक विनामूल्य आहे.