कृष्ण ओपल : इतिहास, उत्खनन आणि पारख

हिऱ्याचे मोल त्याच्या निर्मळतेवरून ठरते, माणकाचे त्याच्या लालीवरून आणि मोत्याचे त्याच्या पाण्यावरून. या रत्नांच्या परीक्षेचे नियम शतकानुशतके घडत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या जव्हेऱ्यांनी ते जतन केले. परंतु रत्नसृष्टीत एक खडा असा आहे की, ज्याच्या अंगी स्वतःचा असा एकच रंग नाही, ज्याच्यासारखा दुसरा नग सापडत नाही आणि ज्याचा भाव सांगणारा सर्वमान्य तक्ता आजवर कोणालाही तयार करता आलेला नाही. तो खडा म्हणजे काळा ओपल. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी बाजाराने त्याला हिणकस म्हणून बाजूला सारले होते. आज त्याची गणना जगातील अतिमोलाच्या रत्नांत होते. खडा तोच, खाण तीच; मग मोल पालटले ते कशामुळे? आणि अशा खड्यात कष्टाचा पैसा गुंतवावा काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात सामावलेले आहे. तो शब्द म्हणजे पारख.

नाव आणि प्राचीन ख्याती

संस्कृत भाषेत ‘उपल’ म्हणजे दगड किंवा रत्न. ग्रीक आणि लॅटिन भाषांतील ओपलवाचक शब्द याच ‘उपल’ शब्दापासून आले असावेत, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ग्रंथात ओपलची मुक्तकंठाने स्तुती केली आणि हे रत्न भारतातून येते, असे नमूद केले. रोममध्ये पोहोचणारे ओपल प्रत्यक्षात आजच्या स्लोव्हाकियातील खाणींतून येत असावेत, असे आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. नोनियस नावाच्या एका रोमन सिनेटरने आपला ओपल मार्क अँटनीच्या स्वाधीन करण्यापेक्षा देशोधडीला लागणे पत्करले, अशी कथाही प्लिनीने सांगितली आहे. भारतीय परंपरेतील नवरत्नांत मात्र ओपलला स्थान नाही.

एकोणिसाव्या शतकात या रत्नाला अपकीर्तीचा मोठा फटका बसला. १८२९ साली सर वॉल्टर स्कॉट यांची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत नायिकेच्या पूर्वजेच्या ओपलचे तेज अकस्मात लोपते आणि पाठोपाठ तिचा अंत होतो, असा प्रसंग आहे. त्यावरून ओपल अशुभ आहे अशी समजूत पसरली आणि युरोपात त्याची मागणी घसरली, असे रत्नव्यवसायाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे राणी व्हिक्टोरियाने ओपलचे अलंकार आवडीने वापरले व आपल्या कन्यांनाही दिले. त्यामुळे ही समजूत बरीच निवळली. एका कादंबरीने भाव पडावा आणि एका राणीच्या आवडीने तो सावरावा, यावरून या रत्नाचे मोल लोकांच्या नजरेवर किती अवलंबून असते, हे ध्यानात येते.

लाइटनिंग रिजचा शोध

त्या काळापर्यंत जगाला ठाऊक असलेला ओपल हा दुधी, फिकट अंगाचा होता. १८८९ साली ॲडलेडचे टली वोलस्टन यांनी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील ओपल लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिरांच्या पेठेत नेले, तेव्हा तेथील व्यापारी साशंक झाले. इतके तेजस्वी रंग खऱ्या ओपलचे असू शकतात, यावर त्यांचा विश्वास बसेना. वोलस्टन यांनी चिकाटीने बाजारपेठ उभी केली आणि न्यू साउथ वेल्स प्रांतातील व्हाइट क्लिफ्स येथील खाणी भरभराटीला आल्या.

याच प्रांताच्या उत्तर भागात, सिडनीपासून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर लाइटनिंग रिज नावाची ओसाड टेकडी आहे. विजेच्या तडाख्याने तेथे एक मेंढपाळ आणि त्याचा कळप मरण पावला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हा युवालाराय या मूळ रहिवाशांचा प्रदेश. १९०२च्या सुमारास जॅक मरे आणि चार्ली नेटलटन यांनी येथे विहिरीसारखे खड्डे खणावयास प्रारंभ केला. हाती आलेले खडे काळसर होते. असा माल पूर्वी कोणी पाहिलेला नसल्याने सिडनीच्या बाजाराने त्याला फारसे मोल दिले नाही. अखेर १९०३ साली नेटलटन शेकडो किलोमीटरची वाट तुडवून व्हाइट क्लिफ्सला गेला आणि तेथे वोलस्टन यांचे खरेदीदार टेड मर्फी यांना त्याने पहिला लॉट विकला. किंमत मिळाली अवघी १५ पौंड.

मर्फी आणि वोलस्टन यांनी या काळ्या खड्यात इतरांना न दिसलेली गोष्ट पाहिली. रंग तेच होते. पण काळ्या अंगावर ते अंगारासारखे पेटून उठत होते. काळ्या ओपलच्या व्यापाराचा पाया घातला गेला तो या नजरेमुळे.

काळ्या पाठीवरचे रंग

ओपलमधील रंग हा रंगद्रव्याचा नसून प्रकाशाचा खेळ आहे. ओपल म्हणजे पाण्याचा अंश असलेली सिलिका. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे निरीक्षण केले, तेव्हा फळांच्या राशीप्रमाणे ओळीने रचलेले सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे त्यांना दिसले. या गोळ्यांच्या रांगांमधून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते व त्याचे रंग विलग होतात. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा रंग दिसतो. मोठे आणि एकसारखे असतील तर तांबडाही प्रकटतो. मोठ्या गोळ्यांची सुबक रचना निसर्गात विरळ, म्हणून तांबड्या रंगाचा ओपल सर्वांत महाग.

गोळे ओबडधोबड जमले तर रंग उमटतच नाही. अशा रंगहीन ओपलला खाणकामगार ‘पॉच’ म्हणतात. लाइटनिंग रिज येथे अनेकदा रंगीत थराखाली काळ्या पॉचचा थर असतो. तो भरकटलेला प्रकाश शोषून घेतो आणि वरचे रंग गडद दिसू लागतात. काळ्या मखमलीवर ठेवलेला दागिना उठून दिसावा, तसाच हा प्रकार. ज्या काळेपणामुळे हा खडा प्रथम नाकारला गेला, तोच त्याच्या सौंदर्याचे कारण आहे.

येथील खडक सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरच्या युगातील आहेत. झिजणाऱ्या वालुकाश्मातील सिलिका पाण्यात विरघळून खाली झिरपली, चिकणमातीच्या थरापाशी अडली आणि तेथील पोकळ्यांत साचली. काही ठिकाणी ती प्राण्यांच्या हाडांच्या व शिंपल्यांच्या जागी भरली आणि जीवाश्मच ओपलचे झाले. १९८५ साली शास्त्रज्ञांनी वर्णिलेला स्टेरोपोडॉन या आदिम सस्तन प्राण्याचा जबडा येथलाच, आणि तोही ओपलचा आहे.

खाण आणि खाणकामगार

काळ्या ओपलच्या खाणी म्हणजे अवाढव्य यंत्रांनी पोखरलेले डोंगर नव्हेत. येथे खाणपट्टा सामान्यतः ५० मीटर लांब व ५० मीटर रुंद असतो. त्यामुळे हा व्यवसाय मोठ्या कंपन्यांच्या हाती न जाता एकटा-दुकटा माणूस, बापलेक किंवा दोघे-तिघे भागीदार यांच्याच हाती राहिला. माणूस जेमतेम उतरेल एवढा उभा खड्डा खणावयाचा, वालुकाश्म भेदून चिकणमातीचा थर गाठावयाचा आणि तेथून आडवे बोगदे काढावयाचे. ही खोली काही ठिकाणी सहा-सात मीटर, तर काही ठिकाणी तीस मीटरपर्यंत जाते. पूर्वी हे काम कुदळीने व मेणबत्तीच्या उजेडात चाले. मातीत काचेवर आघात झाल्यासारखा आवाज आला की कामगाराचा हात थबके. कारण पुढचा घाव खड्याचे तुकडे करील ही भीती.

आता जॅकहॅमर, लहान खोदयंत्रे व माती वर खेचणारे पंप आले. ही माती मोठ्या फिरत्या पिंपांत धुतात आणि उरलेल्या गाठी एकेक करून तपासतात. या गाठींना तेथे ‘नॉबी’ म्हणतात. बहुतेक नॉबी निव्वळ पॉच निघतात. महिनोन्‌महिने हाती काही न लागणे हा येथील नेहमीचा अनुभव. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, पाण्याची टंचाई असते आणि रात्री दुसऱ्याच्या खाणीत उतरून माल चोरणाऱ्यांचीही धास्ती असते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे ‘फ्लेम क्वीन’ नावाचा सुप्रसिद्ध ओपल सापडला. घासून तयार झाल्यावर त्याचे वजन २६३ कॅरट भरले. ज्या तिघा भागीदारांनी तो काढला, त्यांना अन्नाची भ्रांत होती. त्यांनी तो ९३ पौंडांना देऊन टाकला. पुढे तो जगातील सर्वांत नामांकित ओपलांपैकी एक ठरला. नेटलटनची कहाणी आणि ही कहाणी एकच आहे. ज्याने खडा उपसला त्याला मजुरी सुटली. मोल मिळाले ते ज्याच्यापाशी पारख व थांबण्याची ऐपत होती त्याला.

मोल कशाने ठरते

काळ्या ओपलचा भाव ठरविताना जाणकार प्रथम अंगाचा काळेपणा पाहतात. त्यासाठी एन-१ ते एन-९ अशी मोजपट्टी वापरतात. एन-१ ते एन-४ हे खरे काळे ओपल. त्यानंतर रंगाचे तेज, तांबड्याचे प्रमाण, नक्षी, रंगीत थराची जाडी, घुमटाचा आकार आणि शेवटी वजन. तुकड्या-तुकड्यांच्या चौकटींची ‘हार्लेक्विन’ नक्षी अत्यंत दुर्मीळ समजली जाते. सर्वोत्तम नगाला कॅरटमागे दहा हजार अमेरिकी डॉलरहून अधिक भाव मिळतो, तर त्याच खाणीतील साधा नग काही डॉलरांनाही जातो. म्हणून ‘काळा ओपल’ एवढ्या नावावर कोणताही भाव सांगता येत नाही.

नकली व संस्कारित माल हा या व्यवसायातील मोठा धोका आहे. ओपलची पातळ चकती काळ्या तळावर चिकटवून ‘डब्लेट’ करतात, वर काच वा स्फटिक लावून ‘ट्रिप्लेट’ करतात. खडा बाजूने पाहिला असता सरळ सांधा दिसला तर संशय घ्यावा. निसर्गनिर्मित खड्यात रंगीत थर व पॉच यांची सीमा बहुधा वेडीवाकडी असते. १९७४ साली गिल्सन यांचा कृत्रिम ओपल बाजारात आला. भिंगाखाली त्याच्या रंगाचे तुकडे सरड्याच्या कातडीसारखे दिसतात. २००८ पासून इथिओपियातील वोलो भागाचा ओपल विपुल येऊ लागला आणि जयपूरच्या कारागिरांकडे त्याला पैलू पाडण्याचे मोठे काम आले. तो स्वतः उत्तम रत्न आहे. पण पाणी शोषणारा असल्याने त्याला धूर वा रंग देऊन काळा करणे सोपे जाते. असा नग नैसर्गिक काळा ओपल म्हणून विकणे ही फसवणूकच होय.

गुंतवणूक म्हणून विचार

काळा ओपल मोजक्याच ठिकाणी सापडतो, जुनी क्षेत्रे बरीच उपसली गेली आहेत आणि खाणीत उतरणारे हातही घटत आहेत. त्यामुळे उत्तम नगांची दुर्मीळता खरी आहे. परंतु दुर्मीळता म्हणजे नफ्याची हमी नव्हे. १९१४च्या महायुद्धाने युरोपचा बाजार तुटला, १९३०च्या आसपासच्या महामंदीने पुन्हा खीळ घातली. उत्तरार्धात जपानने मोठी खरेदी केली आणि १९९०नंतर तेथे मंदी येताच तीही ओसरली.

सोने कोणत्याही सराफी पेठेत त्या दिवसाच्या भावाने मोडता येते. ओपल मोडण्यासाठी तसाच जाणकार ग्राहक शोधावा लागतो, आणि घेण्याच्या व विकण्याच्या भावात मोठे अंतर पडते. १९३८ साली लाइटनिंग रिज येथे सापडलेल्या १८० कॅरटच्या ‘ऑरोरा ऑस्ट्रेलिस’चे मूल्यांकन २००५ साली दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर झाले, हा दाखला वारंवार दिला जातो. पण मूल्यांकन म्हणजे विक्री नव्हे, आणि असा नग शतकात एखादाच. आपल्याकडे शुक्राचे रत्न म्हणून अंगठीत घालतात तो ओपल बहुतांशी पांढऱ्या जातीचा; त्याला काळ्या ओपलचे भाव लावून पाहणे हीही चूकच.

शिवाय हे रत्न नाजूक आहे. त्याची कठीणता हिऱ्या-माणकाहून पुष्कळच कमी. आघात, तीव्र उष्णता व अल्ट्रासोनिक सफाई त्याला बाधते. घ्यावयाचाच तर नामांकित प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र, खाणीचा उल्लेख असलेली पावती आणि उजेडात व सावलीत दोन्हीकडे केलेली पाहणी या गोष्टी सोडू नयेत. उदरनिर्वाहाचा, मुलांच्या शिक्षणाचा वा उतारवयाचा पैसा यात अडकवू नये.

१९९३ साली ऑस्ट्रेलियाने ओपलला आपले राष्ट्रीय रत्न घोषित केले आणि २००८ साली न्यू साउथ वेल्स प्रांताने काळ्या ओपलला राज्याचा मान दिला. एकेकाळी १५ पौंडांना मिनतवारीने विकल्या गेलेल्या खड्याचा हा गौरव आहे. मात्र या शतकात खडा बदलला नाही. पाहणारी दृष्टी बदलली. ज्याच्यापाशी स्वतःची दृष्टी आहे, त्याच्यासाठी काळा ओपल हे धन आहे. ज्याच्यापाशी ती नाही, तो खडा विकत घेत नसून विकणाऱ्याचा शब्द विकत घेत असतो. म्हणून काळ्या ओपलमध्ये पैसा घालण्यापूर्वी तो पाहण्यात आणि शिकण्यात वेळ घालावा. ती गुंतवणूक कधीही बुडत नाही.