निरोप कुणाचा, पैसे कुणाचे? पेजर ते नोकिया ११००, खान्देशातून पाहताना

३१ जुलै ही तारीख खान्देशातल्या आंबेडकरी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. धुळे न्यायालयातल्या कामासाठी आलेले बाबासाहेब १९३७ साली या तारखेला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर होते. त्या आठवणीसाठी आजही दरवर्षी लोक तिथे जमतात. याच तारखेला, १९९५ साली, भारतात पहिला मोबाईल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण त्यातून एक प्रश्न मात्र विचारता येतो. मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या हातातला तो फोन लळिंगच्या पायथ्याच्या वस्तीत कधी आला आणि कशामुळे आला?

हा प्रश्न विचारायचे कारण म्हणजे सध्या फिरणाऱ्या जुन्या फोनच्या आठवणी. पेजरचा फोटो, नोकिया ३३१०, सापाचा खेळ आणि खाली 'ते सोनेरी दिवस!' ही ओळ. आमचा सवाल साधा आहे. ते सोनेरी दिवस कुणाचे होते?

आधी निरोपाची गोष्ट बघू. गावगाड्यात निरोप पोहोचवणे हे महाराचे काम होते. मर्तिकाचा सांगावा परगावी न्यायचा, सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम तालुक्याला पोहोचवायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे. रात्र असो की पाऊस, नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदल्यात तुटपुंजे वतन आणि दारोदार मागायचे बलुते. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. म्हणजे शेकडो वर्षे आपला समाजच गावाचा टेलिफोन होता. बिल मात्र कुणी भरले नाही.

आणि आपला स्वतःचा निरोप? १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. येत असल्याचे पत्र आधी पाठवले होते. ते पत्र वडिलांच्या नोकराच्या हाती पडले, पण त्याने ते पुढे दिलेच नाही. मसूर स्टेशनावर मुलांना घ्यायला कुणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाले मिळेनात, रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. एक निरोप न पोहोचण्याची किंमत काय असते, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावचा १९२९ चा प्रसंगही त्यांनीच लिहिला. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेऊन, कधी लगाम न धरलेला आपलाच एक माणूस तो हाकायला बसला. टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. साधन गावात असते म्हणून ते आपल्यासाठी असतेच असे नाही. पेजर आणि मोबाईलचा इतिहास वाचताना हे चाळीसगाव लक्षात ठेवावे.

पेजर भारतात १९९५ च्या सुमारास आला. तो चालायचा कसा, हे आजच्या पोरांना माहीत नसते. निरोप देणाऱ्याने आधी कुठून तरी फोन शोधायचा, पेजर कंपनीच्या केंद्रावर लावायचा, तिथल्या ऑपरेटरला मजकूर सांगायचा. ऑपरेटर तो टाईप करणार आणि कमरेच्या डबीवर तो उमटणार. साध्या पेजरवर फक्त नंबर यायचा. उत्तर द्यायचे तर डबीवाल्याने पुन्हा दुसरा फोन शोधायचा. ज्याच्या भोवती आधीच फोन आहेत त्याचीच ही सोय होती. डॉक्टर, दलाल, कंपनीचे साहेब. शिवाय आपला निरोप एका अनोळखी माणसाला तोंडाने सांगायचा. मोर्चा कुठे जमणार हे चळवळीने कंपनीच्या ऑपरेटरला सांगायचे का? १९९८ च्या सुमारास देशात पेजरचे सुमारे २० लाख ग्राहक होते आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पेजर संपला. आमच्या वस्त्यांत तो आलाच नाही, म्हणून त्याच्या जाण्याचे दुःखही नाही.

सुरुवातीच्या मोबाईलची तीच गत. कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जायचा. शेतमजुराची दिवसाची मजुरी दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात संपली असती. त्यात आलेला फोन उचलला तरी पैसे. म्हणजे समोरच्याने शिवी दिली तरी ती ऐकण्याचे बिल तुमच्या नावावर! मनोरे आधी शहरांत आणि महामार्गांच्या कडेने उभे राहिले. सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांवर नेटवर्क सगळ्यांत शेवटी गेले.

त्या काळात खान्देशात आम्ही काय वापरत होतो? पंधरा पैशांचे पोस्टकार्ड. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून गाडीने जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलेली चिठ्ठी. आणि एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून बूथसमोर रात्रीच रांग लागायची. ११ जुलै १९९७ ला मुंबईत रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, १० जणांचा बळी गेला. मोबाईल आणि पेजर तेव्हा त्याच मुंबईत होते. पण जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांनी आपल्या नातेवाइकांची खुशाली विचारली ती बूथवरून आणि शेजाऱ्याच्या लँडलाईनवरून. 'जरा बोलावता का?' ही विनंती करताना आवाज किती खाली आणावा लागतो, ते करणाऱ्यालाच ठाऊक.

मग बदल कशाने झाला? कंपन्या सांगतात, स्वस्त हँडसेटने. ते अर्धे खरे आहे. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोकिया ११०० आला. धूळ सहन करणारी बटणे, टॉर्च, दमदार बॅटरी. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. भारनियमनाच्या काळात रात्रीच्या पाळीला केळीला पाणी भरणाऱ्या माणसाला त्या टॉर्चची किंमत विचारा.

पण खरा बदल १ मे २००३ चा. त्या दिवसापासून कॉल करणाऱ्याने पैसे द्यायचे, इनकमिंग मोफत, हा नियम लागू झाला. खिशात दमडी नसलेला माणूसही 'सापडू' लागला. म्हणजे दार उघडले ते नियमाने. पैसे कुणी भरायचे हा प्रश्न बदलला आणि वस्तीत फोन वाजला.

आणि गरिबांनी त्या नियमातून स्वतःची भाषा घडवली. मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे निघालो, तीन म्हणजे तू फोन कर. कंपनीला एक पैसा न देता निरोप पोहोचायचा. ही युक्ती कुठल्या इंजिनिअरने शोधली नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठी वर्तमानपत्रे कित्येक दिवस गप्प होती. तेव्हा एसएमएस, ई-मेल आणि हातोहात फिरणाऱ्या पत्रकांनी बातमी नेली आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र रस्त्यावर आला. गावाचा निरोप वाहणाऱ्यांनी आता स्वतःचा निरोप वाहिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खान्देशात आखाजीला सालदाराचा करार होतो. पूर्वी मालकाला सालदाराला बोलवायला माणूस पाठवावा लागे. इनकमिंग मोफत झाले तसे रात्री दोनला एक कॉल पुरतो: 'लाईट आली, मोटार चालू कर.' येसकराची जुनी हाक खिशात येऊन बसली. आणि फोनमधून आपला आवाज निघाला की तो अजूनही खुपतो. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाल्याची तक्रार नोंदली गेली. यंत्र बदलले म्हणून गावाची मनुवादी नजर आपोआप बदलत नाही.

आज काय चालले आहे? २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्ज बंधनकारक केला, सुरुवातीला ३५ रुपयांचा. २००३ ला मिळालेले मागच्या दाराने परत घेतले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज ठेवण्याचा नियम केला, पण पैसे भरल्याशिवाय फोन येणार नाही ही अट तशीच राहिली. ऊसतोडीला गेलेल्या पोराचा फोन आईला यावा म्हणून आईने दर महिन्याला पैसे भरायचे, हा कुठला न्याय? राशन, घरकुल, मजुरी सगळे ओटीपीवर आणून ठेवल्यावर इनकमिंग ही चैन राहत नाही. ती हक्काची गोष्ट आहे आणि ती मागणी म्हणून आपल्या निवेदनांत आली पाहिजे.

दुसरे काम घरातले आहे. चळवळीचा २००० ते २०१० चा इतिहास अजून जुन्या हँडसेटमध्ये पडून आहे. मोर्चांचे एसएमएस, कार्यकर्त्यांचे नंबर, तारखा. बॅटऱ्या फुगून चालल्या आहेत. ते फोन भंगारवाल्याला देण्याआधी चार्ज करा, मजकूर वहीत उतरवा. बूथ चालवलेल्या, पोस्टकार्डे लिहिलेल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि त्यांचे बोलणे आजच्या फोनवर रेकॉर्ड करा. नोकियाचा इतिहास नोकिया लिहील. वस्तीत फोन कसा आला, तो कुणी वाजवला आणि त्याचे पैसे कुणी मोजले, हे आपल्यालाच लिहावे लागेल.

जयभीम!