मुळांची सावली : मांडव्याच्या उन्हात बोन्साय

वडाला ऊन सोसत नाही असं कोकणात कोणी म्हणणार नाही. रस्त्याकडेचा वड मार्च-एप्रिलच्या रखरखाटात नवी पालवी काढतो. पण त्याच जातीचं, तीस-चाळीस वर्षं जपलेलं बोन्साय मांडव्याच्या एखाद्या गच्चीवर मार्चअखेरीच्या एका दुपारीत करपून जातं. पान तेच, ऊनही तेच. फरक मुळं कुठे आहेत एवढाच. जमिनीत अर्धा मीटर खाली दिवस-रात्रीच्या तापमानात जवळजवळ फरक पडत नाही. पाच सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमधल्या मुळांना मात्र हवेचा सगळा ताप सोसावा लागतोच, शिवाय ट्रेच्या भिंतींवर थेट पडणारं ऊनही. म्हणून उन्हापासूनचं संरक्षण मुळांपासून सुरू व्हायला हवं, आणि आपल्याकडे ते बहुधा पानांपासून सुरू होतं.

हिशेब मांडून पाहू. ४५ बाय ३० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर खोल ट्रे घेतला, तर त्यात पावणेसात लिटर माती मावते. झाडाला प्रत्यक्ष घेता येईल असं पाणी त्यातल्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे सुमारे सव्वा लिटर धरू. झाडाचा पसारा ६० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर भर दुपारी त्यावर सुमारे २५० वॉट ऊन पडतं. त्यातली निम्मी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात गेली, तरी तासाला १८० मिलिलिटर पाणी उडतं, कारण एक लिटर पाण्याच्या वाफेला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. सकाळी दहाला भरलेला ट्रे संध्याकाळी पाचला रिकामा. हा साध्या दिवसाचा हिशेब झाला.

खरा घात इथून पुढे होतो. पाणी उडत असतं तोवर ते उष्णता घेऊन जातं, आणि पान व माती दोन्ही थंड राहतात. पाणी संपलं की हा मार्ग बंद होतो आणि येणारं सगळं ऊन माती तापवू लागतं. कोरडी माती ओल्या मातीपेक्षा भराभर तापते, त्यामुळे शेवटच्या तासाभरात तापमान एकदम चढतं. मातीचं तापमान ३८-४० अंशांच्या पुढे गेलं की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते. ५० च्या आसपास कोवळ्या मुळांच्या पेशी थोड्या वेळातच मरतात. संध्याकाळी पाणी घातलं तरी ते घ्यायला मुळंच उरलेली नसतात. मग पानं दोन-तीन दिवसांनी गळतात, आणि आपण पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी ओततो. मेलेली मुळं कुजायला एवढं पुरतं.

आता वाऱ्याकडे वळू, कारण मांडव्याचा उन्हाळा तापमापकापेक्षा वाऱ्यावरून जास्त कळतो. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे हा इथला नित्यक्रम. खारा वारा वेळेवर सुटला तर मे महिन्यातही पारा ३३ अंशांच्या आसपास राहतो. पण मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात, खारा वारा लांबतो, आणि दुपारपर्यंत पारा ३८-४० वर जातो. पलीकडच्या मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले, तेही मार्चमध्येच. किनारपट्टीसाठी हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांवर ठेवला आहे, मैदानी भागात तो ४० आहे.

झाडाच्या दृष्टीने या दोन दिवसांत किती अंतर आहे? ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हवा पानातून पाणी ओढते ती सुमारे १.८ किलोपास्कलच्या बाष्पदाब-तुटीने. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हीच तूट ५.३ होते. पारा पाच अंशांनी वाढला, पण ओढ तिप्पट झाली. सव्वा लिटरचा तो साठा आता दुपारी एकदीडपर्यंतही टिकत नाही. म्हणून मी मे महिन्यापेक्षा मार्चला जास्त भितो. सकाळी दहा-अकराला वारा पूर्वेचा आणि कोरडा लागला, तर त्या दिवशी दुपारचं पाणी द्यायलाच हवं.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. ट्रे गच्चीच्या स्लॅबवर किंवा फरशीवर कधीच ठेवू नये. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो. लाकडी फळ्यांचं, मधे फटी असलेलं, कमरेएवढ्या उंचीचं बाक उत्तम. मातीवर काथ्याचा किंवा शेवाळाचा पातळ थर द्यावा. ट्रेच्या बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं की भिंतींवरचं ऊन अडतं आणि माठासारखा गारवाही मिळतो. फार छोट्या कुंड्या ओल्या वाळूच्या परातीत निम्म्यापर्यंत रोवून ठेवाव्यात. काळ्या, पातळ प्लास्टिकच्या कुंड्या मार्चपूर्वी उन्हातून हलवाव्यात.

दिशांचा प्रश्न जरा अवघड आहे. तिरपं ऊन सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून थेट ट्रेच्या भिंतीवर येतं. डोक्यावरची जाळी ते अडवत नाही. पूर्वेला तट्ट्या उभा केला की कोरडा वाराही अडतो, म्हणजे दुहेरी लाभ. पश्चिमेला तसं करता येत नाही, कारण हवाहवासा खारा वारा तिकडूनच येतो. तिथे माडाच्या झावळ्यांचं विणलेलं झाप बाकाच्या पातळीला, ट्रे झाकेल इतकंच लावावं आणि झाडाचा माथा वाऱ्याला मोकळा ठेवावा. जवळ सुरूची रांग असेल तर तिची गाळीव सावली कुठल्याही विकतच्या जाळीपेक्षा चांगली.

डोक्यावरच्या सावलीचं गणित अक्षांशाचं आहे. मांडवा १८.८ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे बरोबर माथ्यावर येतो. जपानमधलं ओमिया हे बोन्सायचं गाव ३६ अंशांवर आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बागकार तिथे गेले आणि १९२५ पासून ते वसलं. तिथला कडक उन्हाळा जुलै-ऑगस्टचा. त्या देशातल्या अनुभवावर लिहिलेली पुस्तकं त्या महिन्यांत सावली करायला सांगतात. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि झाडं उजेडासाठी आसुसलेली असतात. महिने उसने घेऊ नयेत. मांडव्यात मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट, डोक्यापेक्षा उंच बांधलेली, पुरते. पांढरी मिळाली तर अधिक चांगलं, ती काळीइतकी तापत नाही. ७५ टक्क्यांची जाळी वड, पिंपळ, फायकससाठी नको. पेरं लांबतात, पानं मोठी होतात आणि वर्षानुवर्षं कमावलेला बांधा बिघडतो. बोगनवेल आणि अडेनियमला तर मुळं गार असली की जाळी जवळजवळ लागतच नाही. वडा-फायकसची पानं उन्हाळ्यात काढली असतील, तर मात्र उघड्या पडलेल्या पातळ सालीच्या खोडाला पश्चिमेकडून आडोसा हवाच.

पाण्याबद्दल एक समज सोडून द्यावा. दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे ऊन एकवटून पान जाळतात, असं सांगितलं जातं. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोगांनी दाखवलं की गुळगुळीत पानांवर असं होत नाही. इथे पानांच्या कडा जळतात त्याचं कारण बऱ्याचदा मिठात असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज लिटरभर, बेताबेतानं घातलं, तर दोन महिन्यांत त्या लहानशा ट्रेमध्ये ६० ग्रॅम क्षार साठतात, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. तेव्हा पाणी खालच्या भोकांतून भरपूर वाहून जाईपर्यंत द्यावं, आणि साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर आठवड्यातून एकदा त्यानं माती धुवावी. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं गरम असतं. ते आधी सोडून द्यावं.

मांडव्यातली बरीच घरं शनिवार-रविवारीच उघडतात, आठवडाभर माळीदादांवर भिस्त असते. त्यांना ‘दोन वेळा पाणी घाला’ एवढं सांगून भागत नाही. वाऱ्याची दिशा पाहा, बोट मातीत खुपसून पाहा, हे सोबत उभं राहून दाखवावं लागतं.

आणि ऑक्टोबर. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला माघार घेतो. चार महिने ढगाखाली आलेली पानं पातळ, मऊ असतात. त्यांच्यावर अचानक स्वच्छ ऊन पडतं. सूर्य आता दक्षिणेला कललेला, दुपारी क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर असतो, म्हणून जाळी फक्त वर न बांधता दक्षिणेकडे उतरती बांधावी. दोन-तीन आठवडे ती ठेवावी आणि आधी सकाळच्या वेळेपासून थोडीथोडी सरकवत न्यावी, म्हणजे नवी पानं उन्हाच्या बेतानंच तयार होतात.